बिनशिंगाचं गांडूळ

(रोपवाटिकेतली कलमं बांधायची खोली. लांब टेबलाच्या एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला तिचा धाकटा दीर. मधल्या स्टुलावर गांडुळांचा अभ्यास करणाऱ्या बाई, मांडीवर पिशवी.)

वहिनी: ते सगळं ऐकते मी, बाई, पण आधी तुम्ही पाणी प्या. उन्हातून आलाय. वाईट बातमी काय, पाच मिनिटांनीही वाईटच राहते.

बाई: वहिनी, मी अजून काहीच म्हटलेलं नाही.

वहिनी: म्हणायला कशाला हवं? चांगलं असतं तर तुम्ही फोनवर सांगून मोकळ्या झाला असतात. माणूस स्वतः उठून येतो तो वाईट सांगायलाच. फाटकाला सील ठोकायला शेतीखात्याचे साहेबही स्वतःच आले होते.

धाकटा: बाई, वहिनींना सांगा, आधी ऐकून घ्या म्हणावं.

वहिनी: बाई, याला सांगा, मला कान आहेत.

बाई: तुम्ही दोघं एकाच टेबलाशी बसलायत.

वहिनी: टेबल लांब आहे.

बाई: मागे आले होते तेव्हाही हेच चाललं होतं. अजून बोलत नाही एकमेकांशी?

वहिनी: बोलतो की. माळीकाकांमार्फत बोलतो. जेवणाचा डबा त्यांच्याच हाती जातो, रिकामा त्यांच्याच हाती येतो. आज ते मुलीकडे गेलेत, म्हणून तुमची पाळी.

बाई: मग माझ्यामार्फत दोघंही ऐका. तुमच्या पिशव्यांतलं गांडूळ परदेशी नाही.

वहिनी: म्हणजे?

बाई: म्हणजे ज्याच्या नावानं तुमचं फाटक बंद केलं ते हे नव्हे. बंदरातून कुंड्यांच्या मातीत लपून येतं, पाचोळा फस्त करतं, झाडांखालची जमीन नुसता रवा करून ठेवतं, ते गांडूळ तुमच्याकडे नाही. एकही नाही. कधी नव्हतंच.

वहिनी: बहुधा?

बाई: बहुधा नाही. नक्की.

वहिनी: रागावू नका, बाई. पण त्या वेळीही शब्द तुमचाच होता.

बाई: त्या वेळी मी बहुधा म्हटलं होतं. साहेबांनी कागदावर उतरवताना बहुधा गाळलं.

वहिनी: थांबा. मला जरा बसू द्या.

धाकटा: बसलेल्याच आहेत त्या.

वहिनी: याला सांगा, मला ठाऊक आहे. म्हणजे, बाई, झाडं जाळायची नाहीत?

बाई: नाही.

वहिनी: माती वाफवून टाकायची म्हणत होते…

बाई: एक घमेलंसुद्धा नाही.

वहिनी: मी गेले कित्येक दिवस त्या रोपांकडे नीट बघितलेलं नाही. पाणी घालायचं तेही मान फिरवून. शाळा सुटायची वाट बघणाऱ्या पोरांसारखी ताटकळलीत बिचारी, पिशव्या फोडून मुळं खाली जमिनीत घातलीत त्यांनी. मी म्हणत होते, आता कशाला रे धरताय जमीन, उद्या उपटायचं आहे तुम्हाला. नाही ना उपटायचं?

बाई: नाही उपटायचं, वहिनी.

वहिनी: पण ते वळवळत होतं. मी या डोळ्यांनी बघितलंय. पिशवी फोडली की तव्यावर पडल्यासारखं उडायचं. साहेब म्हणाले, हीच त्याची खूण.

बाई: खूण आहे, पण एकट्या त्याचीच नाही. आपल्याकडचीही काही गांडुळं तशीच उसळतात. पाठीवरून हात फिरवला की अंगावरचे बारीक काटेही तसेच लागतात, गोल, सगळीकडून. वरून बघून फसायला होतं. मीही फसलेच.

वहिनी: म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटली.

बाई: भुई तुमची होती, हे वाईट झालं.

धाकटा: त्यांना विचारा, आता पटलं का.

वहिनी: याला सांगा, मला आधी समजू दे, मग पटेल. बाई, वरून कळत नाही तर कळतं कुठून?

बाई: पोटातून. परदेशी गांडुळाच्या आतड्याला दोन बाजूंना दोन पोकळ पिशव्या असतात, पुढे वळलेल्या, बैलाच्या शिंगांसारख्या. आम्ही शिंगंच म्हणतो. तुमच्या गांडुळाला शिंगं नाहीत. आतडं सरळ, रबरी नळीसारखं.

वहिनी: मग पहिल्याच दिवशी का नाही फाडून बघितलं? एवढा जीव टांगणीला लावायचा.

बाई: पहिल्या दिवशी माझ्याकडे आली ती बाटली. खात्यातल्या कुणीतरी गांडुळं धरली आणि साध्या पाण्यात घालून, वर झाकण लावून पाठवली. माझ्यापर्यंत पोचेतो त्यांचा लगदा झाला होता. लगद्याला ना पोट, ना पाठ. साहेब फोनवर थांबले होते. एका तुकड्यावर काटे गोल दिसतात म्हटलं, उसळत होती म्हणताय, तर बहुधा तेच. एवढंच मी बोलले. दुसऱ्या दिवशी कळलं, तुमचं फाटक बंद.

वहिनी: त्यानंतर तुम्ही आलात तेव्हा तर जिवंत नेली होतीत. डबाभर.

बाई: ती सगळी पोरं होती, वहिनी. दोऱ्याएवढी. त्यांची आतडी म्हणजे केसाहून बारीक, त्यात काय दिसणार. गांडूळ वयात आलं की मानेशी पट्टा येतो, बोटातल्या अंगठीसारखा. तो येईपर्यंत कोण कुठल्या घरचं, हे कुणी छातीठोक सांगू नये. मी ती वाढवायला ठेवली. गारवा दिला, ओला पाचोळा दिला. रोज सकाळी झाकण उघडायचं आणि दोन-चार मेलेली काढायची. तुमच्या मातीत गुण्यागोविंदानं राहणारी पोरं माझ्या डब्यात धड जगेनात. शेवटी एकाला पट्टा आला. एकालाच.

वहिनी: तेव्हा मला फोन केला होतात.

बाई: केला होता. तुम्ही म्हणालात, कापू नका हो, एवढं तगलंय तर जगू द्या.

वहिनी: ते मी दयेनं नव्हतं म्हटलं. मला वाटलं, कापलंच नाही तर निदान निकाल तरी लागणार नाही.

बाई: मलाही तेच वाटत होतं. एक अख्खा दिवस मी नुसती त्या डब्याकडे बघत बसले. परदेशी निघालं असतं तर माझं म्हणणं खरं ठरलं असतं आणि तुमची झाडं जळाली असती. खरं ठरायची इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

वहिनी: मग?

बाई: मग कापलं. भूल देऊन, पाठीवरून मधोमध, बारीक कात्रीनं. मेणाच्या ताटलीत टाचण्या लावून पसरलं, वर पाणी घातलं, भिंग खाली आणलं. डावीकडे बघितलं, शिंग नाही. उजवीकडे नाही. ताटली फिरवून परत बघितलं. मग खुर्चीला पाठ टेकून एकटीच हसायला लागले. आमच्याकडे शेजारच्या टेबलावर माशांचा अभ्यास करणारे सर बसतात, घरातल्या माशा. ते उठून विचारायला आले, बाई, बरं वाटत नाही का?

वहिनी: तुम्ही हसलात आणि मी इथे रडत होते. त्याच दिवशी कळवायचं की.

बाई: साहेबांना त्याच दिवशी कळवलं. साहेब म्हणाले, परदेशी नाही ना, मग कोण आहे ते सांगा. नाव-गाव नसलेल्याला मी सोडू शकत नाही. तुम्हाला अर्धवट काही सांगायचं माझ्या जिवावर आलं. एकदा अर्धवट बोलून काय होतं ते बघितलं होतं.

वहिनी: साहेबांचं सगळंच जगावेगळं. नाव नाही म्हणून तुरुंगात.

बाई: मी नाव शोधायला बसले. आपल्या भागातली जितकी गांडुळं आजवर कुणी ना कुणी धरून बाटलीत घातली, ती सगळी कपाटातून काढली. काही बाटल्यांवरची चिठ्ठी हात लावला की गळून पडते अशी. त्यातली तीन जवळची निघाली. एक उंच डोंगरावरचं, एक खाडीपलीकडचं, एक शेणाच्या ढिगात राहणारं. चुलत भावंडं म्हणा. पण तिघांनाही बीज साठवायच्या पिशव्या दोन-दोन जोड्या, आणि याला एकच जोडी.

वहिनी: एक जोडी कमी, एवढ्यावरून वेगळं घराणं?

बाई: एका गांडुळात कमी असली तर योगायोग. माणसातही कुणाला सहा बोटं असतात. पण ढिगानं बघितली आणि सगळ्यांत एकच जोडी निघाली, तर मग ती जातच वेगळी. म्हणून मला आणखी हवी होती, पट्टा आलेली. आणि तीही रोपवाटिकेतली नकोत, रानातली. जिथे कुणी कधी कुंडी नेली नाही, माती नेली नाही अशा जागची. तरच म्हणता येतं की हे इथलंच आहे, बाहेरून आलेलं नाही. तेव्हा मी इथे फोन केला. मागची टेकडी ओळखणारं माणूस हवं होतं.

वहिनी: इथे? मला नाही आला फोन.

बाई: फोन यांनी उचलला.

वहिनी: कुणी?

धाकटा: बाई, ते राहू द्या.

बाई: नाही, आता सांगते. सापडेपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं होतं. सापडलं.

वहिनी: काय ठरलं होतं? बाई, हा रोज उजाडताच पाठीला पिशवी लावून बाहेर पडायचा. माझ्या खिडकीवरून जायचा, मान वर करायचा नाही. मला वाटलं, बंदरावरच्या रोपांच्या व्यापाऱ्याकडे नोकरी बघायला जातोय. मी मनाशी म्हटलं, जा बाबा, सुखी राहा. म्हणजे तोंडानं सुखी राहा म्हटलं, मनात काय म्हटलं ते विचारू नका.

बाई: पिशवीत खुरपं असायचं, वहिनी. आणि माझे डबे.

वहिनी: टेकडीवर?

बाई: टेकडीवर. पहिले काही दिवस हाती काही लागलं नाही. ऊन तापलेलं, माती दगडासारखी. झुडपांखाली खणलं, ओढ्याच्या काठानं खणलं. निघायचं ते भलतंच, जाडं, सुस्त, जे सगळीकडे असतं. मी म्हणायचे, उद्या बघू. हे काहीच म्हणायचे नाहीत. नुसते दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तिथे हजर.

धाकटा: उगाच नका सांगू सगळं.

बाई: शेवटच्या दिवशी मी म्हटलं, आता पुरे. पावसानंतर परत येऊ. हे म्हणाले, वरच्या खोलगट जागेत एक मोठं झाड पडलंय, दादा असतानाच पडलं होतं, तेवढं खोड उलटून बघू आणि मग उतरू. आम्ही गेलो. खोड उलटलं…

धाकटा: उलटलं नाही. फुटलं. ओंजळभर भुगा हातात आला. आत काळी ओल होती.

बाई: आणि त्या ओलीत ही सगळी. एकेकाच्या मानेशी पट्टा, दुधावरच्या सायीच्या रंगाचा. तुमच्या पिशव्यांत उसळायची तशीच उसळत होती. मी मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. हे तिथेच खाली बसले आणि…

धाकटा: बाई.

बाई: बरं. बसले. एवढंच.

वहिनी: …पुढे?

बाई: पुढचं काम माझं. कापली, बघितली. एकालाही शिंग नाही, सगळ्यांना पिशव्यांची एकच जोडी. जनुकांची तपासणी केली, तीही कुठल्याच ओळखीच्या गांडुळाशी जुळेना. तरी मला धीर होईना. आमचे एक म्हातारे सर आहेत, दूर असतात. निम्म्या जगाची गांडुळं त्यांच्या हाताखालून गेलीत. त्यांना चित्रं पाठवली, फोटो पाठवले. ते एरवी चार-चार पानं लिहून माझ्या चुका दाखवतात. या वेळी एका ओळीत उत्तर आलं. मी हे कधी पाहिलेलं नाही, अभिनंदन.

वहिनी: म्हणजे नवीनच?

बाई: नवीन आपल्याला. ते इथे आपल्या आधीपासून असेल. आजवर कुणी त्याची विचारपूस केली नव्हती, एवढंच. ते सगळं घेऊन आज सकाळी खात्यात गेले. साहेबांनी दोनदा वाचलं, वरच्यांना दाखवून आले आणि म्हणाले, ठीक आहे. दुपारनंतर सील काढायला येतील.

वहिनी: स्वतः?

बाई: स्वतः.

वहिनी: बाई, तुम्ही अजून पाणी प्यायला नाहीत. प्या. नाहीतर द्या इकडे, मीच पिते. माझा घसा सुकलाय. …तुम्ही नवीन म्हणालात. मला एक सांगा, नवीन म्हणून आता दुसरं झेंगट नको. याला जपा, त्याला हात लावू नका, इथे कुणी फिरकायचं नाही, म्हणून परत फाटक बंद. आगीतून फुफाट्यात.

बाई: ते मी विचारूनच आले. ओढ्याच्या दोन्ही काठांना नंतर कुजक्या खोडांखाली सापडलं, पलीकडच्या खिंडीतही सापडलं. तुमच्या कामाला त्यामुळे काही धोका नाही. फक्त त्या पडलेल्या झाडाच्या आसपासचा पाचोळा उचलू नका, एवढी माझी विनंती आहे. नियम नाही, विनंती.

वहिनी: पाळू. आणि नाव काय ठेवणार त्याचं? साहेबांचं ठेवा.

बाई: कुणाचा अपमान करायला नाव देता येत नाही. तसा संकेत आहे आमच्यात.

वहिनी: अपमान कुणाचा, गांडुळाचा?

धाकटा: (तोंड फिरवतो.)

बाई: हसलात तुम्ही. मी बघितलं.

धाकटा: नाही.

बाई: नाव त्या खोलगट जागेवरून देणार आहे. माणसाचं देत नाही मी. माणसं पुढे भांडतात, गांडुळाला त्याचा ताप.

वहिनी: बरोबर आहे. पण बाई, एक राहिलंच. ते वरच्या झाडाखाली राहणारं, खोडाच्या पोटात. तर माझ्या पिशव्यांत उतरलं कसं? चालत?

बाई: ते मी तुम्हाला विचारणार होते. पिशव्या भरताना मातीत काय काय घालता?

वहिनी: काय घालणार? माती, वाळू, शेणखत. आणि वरचा कुजलेला पाचोळा, टेकडीवरचा. तो मी सोडत नाही. विकतचं खत कितीही घाला, त्या पाचोळ्याची सर नाही. दरवर्षी मी स्वतः उभी राहून पोती भरून… अरे देवा.

बाई: हो.

वहिनी: म्हणजे आणलं मीच?

बाई: पाचोळ्याबरोबर अंडी आली असणार. मोहरीएवढी असतात, कुणाला दिसणार? आणि आणलं म्हणजे काही गुन्हा नाही केला. तुमच्या टेकडीवरचं, तुमच्या दारात आलं.

वहिनी: नाही, पण मीच ना? आणि मी इतके महिने… बाई, तुम्हाला माहीत आहे मी याला काय काय बोलले ते?

बाई: थोडं कानावर आलं.

वहिनी: हा बंदरावरून ती शोभेची ताडाची झाडं घेऊन आला होता, परदेशी कुंड्यांतली. मी नको म्हणत होते. आणि महिन्याभरात हे झालं. मग काय, मला कोलीतच मिळालं. साहेब फाटकाशी उभे, माणसं बघतायत, आणि मी त्या सगळ्यांसमोर म्हटलं, भावानं उभं केलं ते तू एका ट्रकमध्ये बुडवलंस. म्हटलं, तुला कणा नाही, तूच गांडूळ आहेस.

बाई: गांडूळ ही शिवी नाही, वहिनी.

वहिनी: मी शिवी म्हणूनच दिली होती. हा बारा-तेरा वर्षांचा होता मी या घरात आले तेव्हा. याच्या शाळेच्या सदऱ्याची बटणं मी लावलीत. त्या दिवशी संध्याकाळी यानं गादी उचलली आणि खताच्या खोलीत जाऊन राहिला. एक शब्द उलट बोलला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

धाकटा: बाई, त्यांना एक विचारायचंय.

बाई: तुम्ही विचारा. मी निरोप्या नाही. मला तुमची लिंबाची कलमं बघायची आहेत, मी बाहेर आहे. साहेब आले की हाक मारा.

वहिनी: बाई, बसा की. अहो… गेल्या. पाणी तसंच ठेवून गेल्या. बरं, विचार, काय विचारायचं ते.

धाकटा: गांडूळ सुटलं. शिंगं नव्हती म्हणून. समजा असती?

वहिनी: म्हणजे?

धाकटा: म्हणजे ते परदेशीच निघालं असतं. माझ्याच ट्रकमधून उतरलं असतं. सगळं जाळावं लागलं असतं. मग?

वहिनी: मग काय?

धाकटा: मग मी खताच्या खोलीतच राहिलो असतो का, ते सांगा. आज तुम्ही बोलताय ते निकाल माझ्या बाजूनं लागला म्हणून. टेकडीवर खणताना रोज हेच डोक्यात यायचं. सापडावं असं वाटायचं, आणि वाटायचं, सापडलं तर कधी कळणारच नाही.

वहिनी: काय कळणार नाही?

धाकटा: न सापडता तुम्ही बोलला असतात का, ते.

वहिनी: …खरं सांगू?

धाकटा: खरंच सांगा. गोड नको.

वहिनी: लगेच नसते बोलले. आणखी काही दिवस डबा माळीकाकांच्याच हाती पाठवला असता. झाडं जळताना तुझ्याकडे बघून परत एकदा तोंड सोडलं असतं, मी मला ओळखते. आणि मग एक दिवस डबा घेऊन मीच आले असते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. एकटीला जेवण जात नाही रे मला. तुझे दादा गेले तेव्हा गेलं नाही, आताही नाही जात. अर्धं ताट तसंच.

धाकटा: माझाही डबा अर्धा परत यायचा.

वहिनी: बघत होते. मला वाटायचं, राग धरून बसलाय, अन्नावर काढतोय.

धाकटा: राग होताच.

वहिनी: असू दे. आहे का अजून?

धाकटा: थोडा.

वहिनी: थोडा चालेल. गादी मात्र आज उचल तिथून. खताच्या वासानं डोकं दुखत असेल.

धाकटा: नाक मेलंय आता.

वहिनी: ती ताडाची झाडं आहेत ना अजून?

धाकटा: मागच्या बाजूला ठेवली होती, तुम्हाला दिसू नयेत म्हणून. सुकली थोडी. वाचतील.

वहिनी: पुढे आण. आणलीस तर विकूया. मला अजूनही आवडलेली नाहीत, ते वेगळं. आणि साहेब यायच्या आधी त्या मधल्या वाफ्यांना पाणी दे. कामाची माणसं सोडून गेल्यापासून सकाळची मी एकटीच देतेय, कंबर राहिली नाही.

धाकटा: मधल्या वाफ्यांना?

वहिनी: हो. का?

धाकटा: त्यांना मी देऊन जायचो. रोज, टेकडीवर निघण्याआधी.

वहिनी: मग मी कुणाला देत होते?

धाकटा: त्यांनाच. दुसऱ्यांदा.

वहिनी: तरीच. हाताला माती ओली लागायची.

धाकटा: ओली लागायची आणि तरी देत होतात?

वहिनी: तू आधीच दिलंयस हे मान्य केलं असतं, तर तुझ्याशी बोलावं लागलं असतं.